उतरवलेल्या तारा

गिटारच्या क्लासमधल्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला 'काका' म्हटलं आणि लगेच विचारलं, "काका, आत्ता हे जे वाजवलं, त्याच्या खाली कोणता कॉर्ड सुरू होता?"

काका म्हटल्याचा राग जास्त आला की उत्तर न आल्याचा, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. त्यांच्या स्पीकरवर चार कॉर्ड गोल गोल फिरत होते आणि त्यावर मी माझी जुनी तान सोडली होती. कॉलेजात असताना याच तानेवर मी टाळ्या घेतल्या होत्या. बोटं अजून पळतात म्हणून मनातल्या मनात खूशही झालो होतो. बाई माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, अमरावतीत राजापेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत क्लास चालवणाऱ्या. त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. स्पीकर बंद केला आणि सांगितलं, आता नुसता सोलो वाजवा, खालचे कॉर्ड मी ओळखते. मी पुन्हा वाजवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की यातून काही कळत नाही, यात कॉर्ड बदलतच नाहीत.

घरी जाताना गाडीवर मी त्यांच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडलो. माझं डोकं लवकर तापतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी भूमापक आहे. चांदूर बाजारच्या बाजूला लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजतो. दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, उभं राहून दोन्ही बाजूंची बोलणी ऐकायची आणि आपण मात्र शांत राहायचं, असं काम आहे. तिथे गिळलेला राग संध्याकाळी कुठे ना कुठे निघतो. त्या दिवशी तो बाईंवर निघाला, तोही मनातल्या मनात, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मला त्यांची गरज होती.

गरज दादामुळे पडली होती.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. अकोल्याला शाळेत गणित शिकवतो. आमच्या घरात पहिली गिटार आणली ती त्याने, बी. एस्सी.ला असताना. वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे, त्यामुळे घरात सुरांना तोटा नव्हता, पण गिटारच्या सहा तारा कशा लावायच्या हे कुणालाच माहीत नव्हतं. दादाने वडिलांच्या पेटीवरून त्या लावल्या. मी अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून तो मला कॉर्ड शिकवत होता, म्हणजे खरं तर ओरडत होता. पुढे रॉकच्या कॅसेटी मिळाल्या आणि मी सोलोच्या मागे लागलो. दादा कॉर्डवरच राहिला. त्याला त्यातच मजा यायची.

आम्ही दोघांनी मिळून तेव्हा एक गाणं केलं होतं. शब्द दादाचे, चाल दोघांची, कॉर्ड चारच : ए मायनर, एफ, सी आणि जी. दादा अकोल्याला स्थायिक झाला, त्याच्या कॉलनीत विहार झालं, आणि बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी विहाराच्या अंगणात ते गाणं म्हणायची पद्धत पडली. दादा खुर्चीवर बसून कॉर्ड वाजवत दोन कडवी गातो, मग माझा सोलो, मग पुन्हा दादा. दरवर्षी तेच. लोक कंटाळत नसावेत, किंवा कंटाळले तरी आम्ही दोघं नाराज होऊ म्हणून बोलत नसावेत. म्हाताऱ्या बाया माझ्या सोलोला कानावर पदर घ्यायच्या, पण उठून जायच्या नाहीत. त्यानंतर खीर असायची, हे एक कारण असेल.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दादाला अर्धांगाचा झटका आला. वहिनींनी जराही वेळ न घालवता दवाखान्यात नेलं म्हणून मोठं संकट टळलं. बोलणं नीट राहिलं, पाय महिन्या-दोन महिन्यांत सुधारला, शाळाही सुरू झाली. राहिली ती डाव्या हाताची बोटं. ती हलायची, पण मनात आणल्यावर लगेच नाही. जराशी थांबून, विचार करून हलल्यासारखी हलायची. डॉक्टरांचं म्हणणं होतं, जेवढी वापराल तेवढी परत येतील. त्यांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. तो टीपॉयखालच्या वर्तमानपत्रांवर पडून असायचा.

थंडीतच वहिनींचा फोन आला. दादाने कॉलनीतल्या मंडळींना सांगून टाकलं होतं की यंदापासून आपण वाजवणार नाही, आणि विहारात मुलं शिकतात त्यांना आपली गिटार देऊन टाका. वहिनी रडत नव्हत्या, पण आवाज बारीक झाला होता. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी एकडाव या. गिटार गेली तं ते हात हलवनंच सोडून देतीन."

मी गेलो. तो सगळा दिवस आम्ही भांडलो. दादाचं भांडण गणिताच्या मास्तराचं असतं. तो आवाज चढवत नाही, एकेक पायरी मांडतो आणि शेवटी आपण चूक ठरतो. त्याचं म्हणणं होतं की आयुष्यभर ज्या लोकांसमोर नीट वाजवलं त्यांच्यासमोर आता चाचपडायचं नाही. कीव केलेल्या टाळ्या त्याला नको होत्या. मी चिडलो, मोठ्याने बोललो, वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून पाणी दिलं. संध्याकाळी मी निघायच्या वेळी, पायात चप्पल घालत होतो तेव्हा, दादा म्हणाला, "एकडाव वाजवतो. पन लोकायसमोर हात अडकला तं गिटार देऊन टाकीन. मंग तू पुन्हा विषय नाई काढाचा."

मी कबूल केलं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर यायच्या आतच मला कळलं की आपण काय कबूल करून बसलो. दादाचे कॉर्ड आता सावकाश येणार होते. एखादा उशिरा येणार होता. त्याच्यावर मी माझी पळती तान वाजवली असती तर त्याचा प्रत्येक उशीर उघडा पडला असता. मला असा सोलो हवा होता जो दादाच्या कॉर्डवर उभा राहील, त्याच्या चालीने चालेल. असा सोलो मी जन्मात वाजवला नव्हता. म्हणून पंचेचाळिशी उलटून गेल्यावर मी गिटारच्या क्लासला नाव घातलं.

बाईंची शिकवायची रीत साधी आणि जीव काढणारी होती. कॉर्ड म्हणजे एका वेळी वाजणारे तीन सूर, एवढं मला ठाऊक होतं. ए मायनर म्हणजे ए, सी आणि ई. पण ठाऊक असणं आणि सोलो वाजवताना बोट नेमकं तिथे जाऊन थांबणं, यात फार अंतर असतं. बाईंनी सांगितलं, एका कॉर्डला एकच सूर वाजवायचा. तो त्या कॉर्डच्या तीन सुरांतला हवा, आणि कॉर्ड बदलला की त्याच क्षणी पुढच्या कॉर्डच्या सुरावर असायला हवं. मधे काही वाजवायचं नाही.

पहिले काही आठवडे माझ्या घरात कुणी गेल्यासारखं वाटत होतं. टुंग. मोठी शांतता. टुंग. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "शोकसभा हाय का कोनाची?" मुलगी कान झाकून अभ्यासाला बसायची. मला स्वतःलाही आपण गिटार वाजवतोय असं वाटत नव्हतं. एकदा वैतागून मी क्लासमध्ये जुनी तान सोडली. बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, "कुणासोबत वाजवायचंय तुम्हाला?" मी सांगितलं, भावासोबत. "मग भाऊ काय वाजवतोय ते ऐकायला जागा ठेवा की." त्यांना दादाच्या हाताचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं.

त्यानंतर मी वाद घातला नाही. सूर गाऊन बघायला लागलो. कॉर्ड लावायचा, त्यातले तीन सूर गळ्याने म्हणायचे, मग गिटारवर शोधायचे. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना लांब उडी मारायची नाही, जवळचा सूर बघायचा. सीवरून एवर, एवरून जीवर. असे चार कॉर्डचे चार सूर एक दिवस ओळीने लागले आणि मी तेच पुन्हा वाजवून बघितलं. ते गाणं झालं होतं. चार सुरांचं गाणं, कुणीही गुणगुणावं असं. बायको बाहेरून म्हणाली की हे बरं आहे. तिने माझ्या वाजवण्याला चांगलं म्हटल्याचं लग्नानंतर मला आठवत नाही.

मग त्या सुरांच्या मधल्या वाटा भरायला घेतल्या. हे मात्र मला माझ्या कामामुळे लवकर उमजलं. शेत मोजताना आधी खुणेचे दगड सापडावे लागतात, हद्दीची रेघ नंतर. दगड चुकला तर रेघ कितीही सुबक असो, भांडण ठरलेलं. माझ्या जुन्या तानेत सगळी रेघच होती. होळीच्या सुमारास बाईंनी पुन्हा स्पीकर बंद केला आणि मला नुसता सोलो वाजवायला लावला. ऐकता ऐकता त्या कॉर्डची नावं सांगत गेल्या, आणि चारही बरोबर आली. मी घरी येताना गिला वडा बांधून आणला.

तिकडे दादानेही गिटार काढली होती. तो मोबाइलवर कॉर्ड वाजवून पाठवणार आणि मी त्यावर सराव करणार, असं ठरलं होतं. पहिलं रेकॉर्डिंग आलं त्यात निम्मा आवाज कूलरचा होता. अकोल्यात तोवर ऊन कडक झालं होतं. कूलरच्या घरघरीमागून दादाचे कॉर्ड हळूहळू येत होते, एकेका कॉर्डमध्ये श्वास घेतल्यासारखं थांबून. मला फार बरं वाटलं. मी गिटार घेतली, माझा पहिला सूर वाजवला आणि दात शिवशिवले. काही म्हणजे काही जुळेना. त्याची गिटार माझ्यापेक्षा पुरं एक घर, म्हणजे अर्धा सूर, खाली लागलेली होती.

वऱ्हाडात उन्हाळ्यात काहीही बिघडलं की दोष उन्हाचा. दूध नासलं, गाडी सुरू झाली नाही, मुलगा चिडचिड करतो, सगळं ऊन करतं. मलाही क्षणाची शंका आली नाही. मी दादाला फोन लावून सुनावलं की गिटार कूलरसमोरच्या खिडकीत ठेवतोस, उन्हाने आणि ओलीने तारा ढिल्या पडल्या, तुला एवढं कळत नाही का. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "हो ना. ऊन लय आहे." मोबाइलमध्ये तारा लावायचं साधन आहे, ते वापर, असं मी बजावलं. तो हो म्हणाला.

पुढचं रेकॉर्डिंग आलं ते आणखी एक घर खाली.

आता मात्र माझी सटकली. इकडे मी एकेका सुरासाठी बोटं घासतोय आणि याला तारा लावायचा कंटाळा. पौर्णिमा जवळ आली होती. रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडली, सोबत तारांचा नवा संच घेतला. वाटभर मी दादाला काय काय बोलायचं ते ठरवत होतो. अकोल्याला उतरलो तेव्हा सकाळीच फलाट तापला होता.

दादा आंघोळ करून बसला होता. वहिनींनी आलूपोहे दिले. मी ते खाल्ले न खाल्ल्यासारखे केले आणि त्याची गिटार मांडीवर घेतली. मोबाइल समोर ठेवून एकेक तार छेडली. पहिली बरोबर दोन घरं खाली. दुसरी बरोबर दोन घरं खाली. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या बरोबर दोन घरं खाली. आपसात एकही तार हललेली नव्हती. इतकी नीट लागलेली गिटार माझीसुद्धा नसते. ऊन काही सहा तारांना मोजून सारखं ढिलं करत नाही, एवढं माझ्या तापलेल्या डोक्यातही शिरायला हवं होतं. पण मी खुंटी पिरगाळायला घेतलीच.

"नको चढवू," दादा म्हणाला.

मी वर बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता. "इतक्या ढिल्या तारेवर बोट दबते. चढवली का दबत नाई. मी पाह्यलं करून."

मी खुंटीवरचा हात काढला. त्याने आधी एक घर तारा उतरवून बघितल्या होत्या, तेवढ्यानेही बोटं दबली नाहीत म्हणून आणखी एक घर. प्रत्येक वेळी सहाही तारा काळजीने लावल्या होत्या. आणि मी फोनवर त्याला तारा लावायला शिकवत होतो, ज्याने मला त्या लावायला शिकवलं त्याला. मला त्याक्षणी स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्याच्याबद्दल इतकं भरून आलं, की मी उगाच उठून कूलरमध्ये पाणी आहे का ते बघून आलो.

परत येऊन विचारलं, आधी काहून नाही सांगितलं. तो म्हणाला की शर्टाची बटणं वहिनी लावतात, पोळीचा तुकडा वहिनी मोडून देतात, शाळेत डबा दुसरा कुणी उघडून देतो. हे एक तरी आपलं आपण जमवून मग सांगावं असं त्याला वाटत होतं.

मी नव्या तारा पिशवीतून काढल्याच नाहीत. माझी गिटार सोबत नव्हती म्हणून त्याचीच आळीपाळीने वाजवली. त्याने मला त्याचा एफ दाखवला. एफला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं, ते त्याला शक्य नव्हतं. म्हणून त्याने तीन बोटांत बसेल असा लहान एफ काढला होता, त्यात सगळ्यात बारीक तार मोकळीच वाजायची. त्याने तो वाजवला आणि विचारलं, चालेल का. तो खरोखर गोड लागत होता. मी तसं सांगितलं आणि दादा थोडा हसला. झटक्यानंतर तो गिटारकडे बघून हसल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

अमरावतीला परतल्यावर मी माझ्याही तारा दोन घरं उतरवल्या. सुरांना नावं मात्र आम्ही जुनीच ठेवली. ढिल्या तारांवर माझी मोठी पंचाईत झाली. जोरात छेडलं की तार फडफडायची, ओढली की सूर भलतीकडे जायचा, घाईचं तर काही वाजायचंच नाही. हळुवार हात ठेवून, एकेक सूर धरून वाजवलं तरच गिटार ऐकायची. बाईंना सगळं सांगितलं, दादाच्या हातासकट. त्यांनी रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. मग म्हणाल्या की मधल्या वाटा भरताना एफ आला की तुम्ही आता एवर न थांबता एफच्याच सुरावर जाऊन बसता आणि तिथे टोचतं, कारण भावाच्या कॉर्डमध्ये मोकळी तार ई वाजते. एफ आणि ई अगदी शेजारी, दोन्ही एकदम वाजले की खटका उडतो. "त्यांच्या कॉर्डमध्ये जे आहे तेच वाजवा. पुस्तकातल्या एफचा सोलो नका वाजवू." मी एफऐवजी पुन्हा ए घेतला. दुसऱ्यांदा ई घेऊन बघितला. दोन्ही जिथल्या तिथे बसले.

बुद्धपौर्णिमेला मी दुपारीच अकोल्याला पोचलो. वहिनींनी दोघांचे पांढरे शर्ट इस्त्री करून ठेवले होते. दादा जेवला नाही, नुसतं ताक प्याला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर विहाराच्या अंगणात पाणी मारून सतरंज्या टाकल्या. वंदना झाली, दोन-तीन भाषणं झाली, लहान मुलींनी नाच केला. दादाच्या हाताची हकिगत सगळ्यांना ठाऊक होती. आम्ही खुर्च्यांवर जाऊन बसलो तेव्हा जी शांतता झाली ती मला आवडली नाही. लोक श्वास धरून दादाच्या डाव्या हाताकडे बघत होते. दादालाही ते दिसत होतं.

त्याने सुरू केलं. दरवर्षीपेक्षा सावकाश आणि दोन घरं खाली, पण त्या खालच्या पट्टीत त्याचा आवाज उलट भरदार लागला. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात जीवर येताना जरा उशीर झाला, तो त्याने गाण्याचा शब्द लांबवून झाकला. मग त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि माझा सोलो सुरू झाला.

पहिली फेरी ठरवल्याप्रमाणे झाली. ए मायनरवर सी, एफवर ए, पुढे जी, पुढे बी, आणि मधल्या वाटा. म्हाताऱ्या बायांनी पदर जागेवरच ठेवले होते. दुसऱ्या फेरीत ए मायनर गेला, एफ आला, मी एवर उतरलो. आता सी यायला हवा होता. आला नाही. दादाचा उजवा हात छेडत होता, पण कॉर्ड एफच राहिला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं. पण ऐकू येत होतं. डाव्या हाताची बोटं तिथेच अडकली होती.

बोटं अडकली आणि लोकांना कळलं, तर उद्या गिटार घरात राहणार नव्हती. मी पुढची सगळी ठरवलेली वाट सोडली आणि ईवर जाऊन थांबलो. ई दादाच्या त्या लहानशा एफमध्येही होता आणि येणाऱ्या सीमध्येही. मी तो एकच सूर धरून ठेवला. विरायला लागला की हलकेच पुन्हा छेडला. पुन्हा. दादाचा एफ खाली चालूच होता. अंगणात कुणी हललं नाही. त्यांना वाटत असावं की यंदाचा सोलोच असा आहे. मला घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला सोलो वाजवताना कुठेही जायचं नव्हतं. दादा येईपर्यंत मी तिथेच बसणार होतो.

मग सी आला. जरा खरखरत आला, पण आला, आणि माझ्या ईखाली असा सरकला की जणू दोघांनी ठरवूनच केलं होतं. त्यापुढचा माझा सोलो अगदी साधा झाला. महिनोन्महिने घोटलेली शेवटची ओळ मला वाजवता आली नाही, कारण तिच्या जागेवर मी ई धरून बसलो होतो आणि तोवर फेरीच संपली होती. दादाने शेवटचं कडवं म्हटलं. टाळ्या वाजल्या. त्या दरवर्षीसारख्याच होत्या, जास्त नव्हत्या, आणि मला तेच हवं होतं.

खीर वाटताना दादाभोवती चार शेजारी जमले. मी माझी वाटी घेऊन मागे उभा होतो. एकाने विचारलं, मधे तो एक सूर लांबला तो मुद्दाम का? दादा मोठ्याने हसला. म्हणाला, "मुद्दाम कायचा, इसरला तो. बाबू आमचा अडकला तिथं. मंग मी एफच धरून ठेवला. म्हटलं, येईल तो सावकाश."

मला सोलोतली चूक कुणी दाखवलेली चालत नाही. न केलेली तर नाहीच. जीभ वळवळली. शेजारी माझ्याकडे वळून बघत होते, एक जण समजुतीने हसतही होता. आणि दादा तिथे उभा होता, डाव्या हातात खिरीची वाटी धरून, लहानपणी मला ओरडायचा तेव्हा असायचा तसा ताठ. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"हो," मी म्हणालो. "विसरलो."

"सराव नाई करत तू," दादा म्हणाला. "रविवारी येजो. सकाळीच ये, ऊन चढाच्या आंधी. तेवढी जागा पक्की करून देतो तुले."